सात परस

रणधीरला मी दोनदा वाचवू शकले असते. न्हाय वाचवलं. आधीच सांगून ठेवते, त्याचं मला काडीचंही वाईट वाटत न्हाय.

मी दीपाली. गाव लोहारा, शिकायला धाराशिवला, भूगोल घेऊन शेवटच्या वर्षाला, मुक्काम हॉस्टेलवर. आमच्या हॉस्टेलवर करिअरचे दोनच रस्ते: स्पर्धा परीक्षा न्हायतर पोलीस भरती. अर्ध्या पोरी पहाटे ग्राऊंडवर पळतात, उरलेल्या अभ्यासिकेत चालू घडामोडी घोकत बसतात. मला जमिनीखालच्या पाण्याचं काम करायचंय म्हटलं की रूममेट निकिता कपाळावर हात मारते. "आगं बये, विहिरी मोजत फिरणारीला पोरगा कोण देणार?" आणि घरी आमचे दादा, म्हणजे वडील, तर तारीख देऊनच बसलेले. "मार्चपर्यंत तुझं काय झालं तर झालं. न्हायतर परंड्याचं स्थळ पक्कं."

परंडा टाळायला माझ्याकडं एकच वाट होती. पाण्यावर काम करणारी एक संस्था विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणांची स्पर्धा घेते. जिल्ह्यात पहिला येईल त्याला वर्षभराची फेलोशिप, पगारासकट. अट एवढीच की एका कॉलेजची एकच प्रवेशिका, आणि तिच्यावर एकच नाव.

डिसेंबरात येरमाळ्याच्या पलीकडं एका गावात आमचं एनएसएसचं शिबिर होतं, सात दिवसांचं. बाकीच्यांनी गटारी काढल्या, पथनाट्य केलं. मी दुपारची झोप सोडून एक्केचाळीस विहिरी मोजल्या. बलभीम तात्या म्हणून तिथले एक म्हातारे शेतकरी, त्यांनी मला दोराला दगड बांधून दिला आणि परसापरसावर गाठी मारून दिल्या. उभ्या माणसानं हात वर केला की जेवढी उंची होते तो एक परस. आमच्याकडं बोअर सांगायचं फुटात आणि विहीर सांगायची परसात. हे कुणी कुणाला शिकवत न्हाय. म्हणून मीही वहीत 'खोली' लिहून खाली नुसते आकडे मांडले. सात, सहा, नऊ, सात. परस म्हणून लिहायचं मनातसुद्धा आलं न्हाय.

आता रणधीर. धाराशिवातच बंगला, नळाला पाणी, न्हाय आलं तर दारात टँकर. चुलते अण्णाराव आमच्या कॉलेजच्या संस्थेचे संचालक. शिबिरात तो लिंबाखाली बसून रील काढायचा. शिबिर संपल्यावर एनएसएसच्या सरांनी माझी वही 'बघायला' मागून घेतली, आणि आठवड्यानं नोटीस बोर्डावर लागलं: प्रवेशिका, रणधीर. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच सरांच्या केबिनमध्ये घुसले.

सर मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले, "टीमवर्क असतं बाळा. तुझंही नाव घातलंय की शेवटच्या पानावर."

दोन दिवसांनी कँटीनपाशी रणधीरनं गाठलं. "दीपे, ते आकडे फुटातच आहेत ना गं?"

जिभेवर आलं होतं. पण म्हटलं, आयत्या बिळावर नागोबा झालायस ना, मग बस. "मला काय विचारतोस? तू मोजल्यास न्हवं?"

तो कसनुसा हसला. "हो हो. फुटातच."

ही पहिली वेळ. दुसरी वेळ स्पर्धेच्या आदल्या दिवशी आली. सरांनी माझ्याच हातात अहवाल दिला, स्पायरल बायंडिंग करून आण म्हणून. झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या मी तो वाचला. एक्केचाळीस वेळा फूट. सात फूट, सहा फूट, नऊ फूट. अजून वेळ होता, एक फोन केला असता तर पानं बदलता आली असती. मग शेवटचं पान उलटलं. तिथं लिहिलं होतं, "चहापाणी व्यवस्था : कु. दीपाली."

फोन मी केला, पण बलभीम तात्यांना. "तात्या, उद्या कॉलेजात तुमच्या गावाचा कार्यक्रम हाय. फेटा बांधून या, पुढच्या रांगेत बसा."

परीक्षक म्हणून पाण्याच्या त्या संस्थेच्या एक बाई आल्या होत्या. रणधीर कोट घालून उभा. पडद्यावर रंगीत तक्ते. "गावातल्या विहिरींची सरासरी खोली सात फूट," तो म्हणाला. बाईंनी चष्मा वर केला. "सात फूट? कुणी मोजलं?"

"मी स्वतः, मॅडम. टेपनं."

तात्या उठले. मी त्यांना काहीच शिकवलं नव्हतं, देवाशपथ. "आवो बाई, सात फुटाचा आमच्याकडं संडासाचा खड्डा आसतो! माजी हीर सात परस हाय. ह्या पोरीनं मोजली, म्या दोर बांदून दिला. आन तू रं? तू तर लिंबाखाली फोटू काढत हुतास."

हॉल खदाखदा हसला. संचालक अण्णाराव खाली बघायला लागले. मी पिशवीतनं दोर काढला, गाठींसकट, आणि टेबलावर ठेवला. बाईंनी विचारलं, परस म्हणजे किती? तात्यांनी फेट्यावरून हात सरळ वर केला. बाईंनी दोराच्या दोन गाठी त्यांच्या टाचेपासून बोटापर्यंत ताणून बघितल्या. बरोबर बसल्या.

"हिचं नाव कुठंय अहवालात?" त्यांनी पानं चाळली आणि शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. "चहापाणी व्यवस्था."

कुणी हसलं न्हाय.

प्रवेशिका रद्द झाली. कॉलेजची, म्हणजे माझीही. "पुढच्या वर्षी स्वतःच्या नावानं ये, कॉलेज सुटलं असलं तरी चालेल," बाई म्हणाल्या. पुढचं वर्ष मार्चच्या पलीकडं असतं, हे त्यांना कुठं ठावं!

बाहेर तात्यांनी विचारलं, "पोरी, आदीच का न्हाय सांगितलंस?"

"आधी सांगितलं असतं तर त्यानं फूट खोडून परस लिहिलं असतं, तात्या. आणि फेलोशिप घेऊन गेला असता."

म्हाताऱ्यानं खिशातनं मोबाईल काढला. मग म्हणाला, "तुज्या बापाचा नंबर दे. एक वरीस थांब म्हणून म्या सांगतो. माजी हीर मोजलीया तू, तेवढा हक हाय मला."

मी नंबर देत होते तेवढ्यात रणधीर आला. कोट काढलेला, डोळे लाल. "तुला माहीत होतं! मी तुला विचारलं होतं, दीपाली. सगळ्यांसमोर माझी इज्जत काढलीस."

शेजारी पाहुण्यांसाठी चहाचा थर्मास ठेवला होता. मी कागदी कप भरला आणि त्याच्या हातात दिला.

"घे," म्हटलं. "माझ्याकडं एवढीच व्यवस्था होती."