सोनाजीच्या दुकानातली निळी मशीन

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. मला गोड बोलायची सवय होती, ती मोडली.

गोरेगाव नावाच्या आमच्या खेड्यातल्या पंचफुलाबाईने मला भंगारवाल्याकडून आणले तेव्हा मी गंजलेली होते. भंगाराची पावती कोण देतो? चौदा एप्रिलच्या जयंतीआधी तिच्या वस्तीत घरोघर रंग देतात. तिने घर रंगवले आणि उरलेला निळा रंग मला दिला. त्याआधी पॉलिश पेपरने घासघासून माझा गंज काढला, त्यात माझ्यावरचा कंपनीचा नंबरही गेला. तिला काय ठाऊक, तो एवढासा आकडा पुढे माणसापेक्षा मोठा ठरेल!

मग मी धावले. ब्लाउज, फ्रॉक, शाळेचे गणवेश! कापड दुकानदार सोनाजीचा शिंपी सोडून बाया आमच्याकडे येऊ लागल्या. ते त्याच्या डोळ्यांत खुपले. पंचफुलाबाई हळदकाढणीला शेतात गेली असताना त्याने मला उचलून दुकानात नेले आणि मशीन आपलीच म्हणून ठोकून दिले.

पंचफुलाबाईने तक्रार दिली आणि पोलिसांनी मला जप्त केले. खटला चालला तोवर मी पोलीस ठाण्याच्या आवारात ऊनपाऊस खात पडले होते. ज्यांचे ब्लाउज मी शिवले, त्यांतली एकही साक्षीला आली नाही. सोनाजीशी वाकडे कोण घेणार! मला त्या सगळ्यांचा राग आहे.

"बाई, नंबर दाखवा," सोनाजीचा वकील म्हणाला.

"नंबर न्हाई साहेब. पण मपली मशीन मला कळत न्हाई व्हय? काहून असं करून राहिले तुमी?"

न्यायाधीश वाईट नव्हते. पुरावा नाही म्हणून सोनाजी सुटला आणि ज्याच्याकडून मशीन जप्त केली त्यालाच ती द्या, असा हुकूम झाला. कायदा अगदी बरोबर पाळला गेला. पंचफुलाबाई बाहेर पायरीवर कितीतरी वेळ बसून होती.

आता सोनाजी मला वेळेवर तेल देतो, फडक्याने पुसतो. गेल्या महिन्यात पंचफुलाबाई त्याच्याच दुकानात काम मागायला आली. घरची चूल पेटायला हवी होती. त्याने हसत माझ्याकडे बोट केले.

"बस तिथं. तुह्या पायाला सवय हाय तिची."

ऐकलेत? हे तो कोर्टात बोलला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे माझ्यासारख्यांनी शेवटी सांगायचे असते. मी सांगणार नाही. माझी देखभाल उत्तम चालली आहे. जपायचेच असेल तर तिला जपा. ती रोज सकाळी येते, दिवसभर मला चालवते आणि संध्याकाळी मला तिथेच ठेवून घरी जाते.