नऊ, नऊ आणि दोन

मी बसमध्ये तिकीट तपासनीस होतो. नोकरीभर लोकांनी मला शिव्या दिल्या, त्यातल्या निम्म्या मी ऐकल्या आणि एकही मनाला लावून घेतली नाही. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत फेऱ्या मारतात, नातवंडांना शाळेतून आणतात. मी बार तपासू लागलो. सवय जात नाही, दुसरं काय.

आम्ही तिघं आहोत. एक मी. दुसरा माझा मेव्हणा, चौकात त्याचं केस कापायचं दुकान आहे. तिसऱ्या बालवाडीच्या बाई, ज्यांनी वस्तीतल्या अर्ध्या पोरांना हात धरून अक्षरं शिकवली आणि आता त्याच पोरांच्या बारमध्ये ताठ बसून बिअर पितात. शनिवारी दुपारी, गर्दी नसताना, आम्ही एखाद्या बारमध्ये जातो. ग्लासाला साबणाचा वास येतो का, फेस टिकतो का, संडासाची कडी लागते का, वाढणारा माणूस तोंडाकडे बघून बोलतो का, सगळं बघतो, आणि दहापैकी एक आकडा देतो. नियम दोनच. आकडा मालकाच्या तोंडावर, काउंटरसमोर उभं राहून सांगायचा, मागून कुजबुजायचं नाही. आणि वाईट बिअर संपवायची नाही, ग्लास तसाच ठेवून उठायचं. मग मेव्हणा दुकानातल्या आरशाच्या कोपऱ्यात बारचं नाव आणि तिन्ही आकडे रंगवतो. गळ्याशी चादर बांधून बसलेल्या गिऱ्हाइकाला वाचायला दुसरं असतं काय? त्यामुळे आमचे आकडे वस्तीभर होतात.

"रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," असं आमची ही म्हणते. सख्ख्या भावाचाच धंदा तो असल्यामुळे ही म्हण तिला भारी आवडते.

आता दाढीवाल्याची गोष्ट. जुन्या टायरच्या गोदामात त्याने ब्रूपब काढला होता. मागे काचेआड स्टीलच्या टाक्या, पुढे लाकडी बाकं. बिअर तो स्वतः बनवायचा आणि काउंटरवर त्याची बायको उभी असायची. तिला सगळे वहिनी म्हणायचे, वयाने मोठे असलेलेसुद्धा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी आठ दिले होते. मी आठ देतो म्हणजे काय, ते मेव्हण्याला विचारा.

तिथली एक पद्धत मला तेव्हाच आवडली होती. नवी बिअर तयार झाली की पहिला घोट वहिनींचा. त्या ग्लास नाकाशी धरायच्या, घोट तोंडात फिरवायच्या आणि मान हलवायच्या. मग त्या बिअरच्या प्रत्येक केगवर, म्हणजे स्टीलच्या पिंपावर, खडूने बरोबरची खूण करायच्या. खूण नसलेला केग नळाला लागत नसे. तेवढा वेळ दाढीवाला बाजूला उभा असायचा, निकालाला आलेल्या पोरासारखा. आम्हाला वाटलं, बायकोचं कौतुक आहे, असू दे.

मग वहिनी आजारी पडल्या. डोक्याला रुमाल बांधून काही दिवस काउंटरवर बसल्या, हसल्या, खुणाही करत राहिल्या. मग दिसेनाशा झाल्या आणि मग गेल्या. गोदामाचं शटर बरेच दिवस खाली होतं. ते पुन्हा उघडलं तेव्हा सगळ्या वस्तीला बरं वाटलं.

एकदा मी मेव्हण्याच्या दुकानात दाढी करून घेत बसलो असताना दाढीवाला आत आला. मालक लोक आम्हाला टाळतात, रस्त्यात दिसलो तर फोन कानाला लावतात. हा सरळ आला आणि आरशाकडे बघत म्हणाला, "काका, या एकदा. मला आकडा हवाय."

"मागचा आठाचा आहे की," मी म्हणालो.

"तो जुना. आताचा पाहिजे. लोक छान म्हणतात आणि परत येत नाहीत. मला काही कळेना झालंय. चालवू की बंद करू, ते तुमच्या आकड्यावर ठरवतो. फक्त खरा सांगा."

इतक्या सरळ कुणी विचारलं नव्हतं. मेव्हण्याचा वस्तरा माझ्या गालावर थांबला होता. "येतो," मी म्हणालो.

शनिवारी गेलो. बाकं पुसलेली, फरशी धुतलेली, संडासात नवा साबण. काउंटरवर वहिनींचा फोटो होता, रुमालाच्या आधीचा. आम्ही तिघंच गिऱ्हाईक. दाढीवाल्याने तीन ग्लास भरले. रंग सुंदर, फेस दोन बोटं. मी ग्लास उचलला आणि तोंडाशी नेताच हात थांबला.

जखमेवर चिकटवायच्या पट्टीचा वास. दवाखान्याच्या जिन्यात पाय ठेवल्यावर येतो, तोच. घोट घेतला तर घशापर्यंत तेच. ग्लास खराब असेल म्हणून मी बाईंचा ओढून घेतला, तर त्यातही तेच. मेव्हण्याकडे बघितलं. त्याची मिशी एका बाजूला गेली होती, पण माझ्याशी नजर मिळताच त्याने ती सरळ केली आणि मोठा घोट घेतला. बाई तर औषध पिणाऱ्या शहाण्या मुलीसारख्या संपवत निघाल्या होत्या.

"दाजी," मेव्हणा माझ्या कानाशी आला, "तोंड उघडू नका. माणसाची बायको गेलीय."

"बायको गेली म्हणून बिअर चांगली होते?"

"काळीज आहे का दगड?"

"चेकरसाहेब," बाई हळूच म्हणाल्या, "मूल रडत असलं की मी चित्राला नेहमी छान म्हणायची. मग ते दुसरं चित्र काढतं."

"हे मूल नाहीये बाई. याने खरं विचारलंय."

दोघांनी ग्लास तळापर्यंत संपवले, नियम धाब्यावर बसवून. माझा ग्लास भरलेलाच राहिला.

आम्ही काउंटरसमोर उभे राहिलो. दाढीवाल्याने हात पुसले आणि दोन्ही तळवे लाकडावर टेकले.

"नऊ," मेव्हणा म्हणाला.

"नऊ," बाई म्हणाल्या, आणि वर, "फार छान."

त्याचे खांदे खाली आले. खूप दिवसांचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसे. त्या क्षणी मलाही नऊ म्हणावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण भीड ही भिकेची बहीण, आणि हा माणूस त्या नवाच्या भरवशावर आणखी टाकी चढवणार, आणखी लोक छान म्हणून निघून जाणार.

"दोन," मी म्हणालो. "तेही फरशी स्वच्छ आहे म्हणून."

मेव्हणा शिवी हासडून बाहेर पडला. बाईंनी दाढीवाल्याच्या हातावर हात ठेवला, माझ्याकडे एकदा असं बघितलं की मला पाटी-दप्तर घेऊन कोपऱ्यात उभं राहावंसं वाटलं, आणि त्याही गेल्या. मला वाटलं, आता हा ग्लास माझ्या तोंडावर मारणार. मारला असता तरी मी काही बोललो नसतो.

"काय बिघडलंय?" त्याने विचारलं.

"तुला येत नाही वास?"

तो दाराकडे जाऊन शटर अर्धं ओढून आला.

"मला कशाचाच वास येत नाही काका. एक ताप आला होता, वहिनी आजारी पडायच्या खूप आधी." बायकोला वहिनी म्हणाला तो, वस्ती म्हणते तसं. "ताप उतरला आणि नाक गेलं, ते आलंच नाही. कडू कळतं, गार कळतं, बाकी काही नाही. बिअर बनवणाऱ्याला नाक नाही हे बाहेर कळलं तर दुकान संपलं. तिला एकटीला माहीत होतं. ती म्हणाली, तू बनव, मी चाखते."

म्हणजे निकालाला उभा असलेला पोरगा म्हणजे नुसतं कौतुक नव्हतं. त्याला खरोखरच माहीत नसायचं.

"आणि आता?"

"आता हाताच्या सवयीने बनवतो. जव तेच, माप तेच, वेळ तीच. कसला वास आहे, सांगा तरी."

"दवाखान्याचा. पट्टीचा, औषधाचा."

हे ऐकून त्याचा चेहरा एकदम कामाचा झाला. "मग पाणी! नळाच्या पाण्यात औषध मारलेलं असतं. ते काढायला फिल्टर आहे. फिल्टर संपला की ते बिअरमध्ये उतरतं आणि हाच वास येतो." तो मागे धावला, मीही गेलो. टाक्यांच्या पाठीमागे भिंतीवर एक निळं नळकांडं होतं. त्याने ते पिळून उघडलं. आतली फिल्टरची वळकटी मऊ पडून तिचा लगदा झाला होता.

"हा फिल्टर ती बदलायची," तो म्हणाला. "हे माझ्या लक्षातच नाही आलं. काका, म्हणजे माझा हात चुकला नाही! पाणी बदललं की झालं." तो चक्क हसला. "ती गेल्यानंतर बनवलेलं सगळं ओतून देतो. आणि तिच्या हातचा एक केग आहे. शेवटचा. तिने खूण केलेला. मी तो लावलाच नाही, ठेवून दिलाय. तो चाखा, मग कळेल तुम्हाला मी काय बनवतो ते."

गार खोलीच्या कोपऱ्यात तो केग उभा होता. खडूची खूण जरा वाकडी होती, हात थरथरणाऱ्या माणसाने केल्यासारखी. त्याने तो हळूच, खूण पुसणार नाही असा कडेने धरून पुढे आणला, नळाला जोडला आणि नवा ग्लास भरून माझ्यासमोर ठेवला. मी नाकाशी नेला.

तोच वास. किंचितही कमी नाही.

देवाशपथ सांगतो, त्या वेळी मला माझ्या नाकाचा राग आला. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही, निदान मला तसं वाटलं. जन्मभर लोकांचे चेहरे वाचले, पण माझा कुणी वाचू शकेल हे ध्यानात नव्हतं.

"खराब झाली असेल," मी म्हणालो. "ठेवून ठेवून."

"नाही. हा वास नंतर लागत नाही. बनवतानाच असतो." तो अगदी शांत बोलत होता. "तिने चाखली तेव्हाही होता."

मी ग्लास खाली ठेवला.

"डॉक्टर म्हणाले होते, या औषधांनी कधीकधी तोंडाची चव जाते. मी तिला विचारलं. म्हणाली, माझी नाही गेली. मी रोज सूप करून द्यायचो. कसं झालंय? झकास, म्हणायची. कालच्यापेक्षा छान, म्हणायची." तो स्टुलावर बसला. "तिला काहीच लागत नव्हतं काका. चिखल दिला असता तरी छान म्हणाली असती. आणि मला तू चव बघ म्हणायची तिला सोयच नव्हती, माझं नाक गेलेलं. ती माझ्या हाताच्या भरवशावर खूण करत होती, आणि मी तिच्या जिभेच्या भरवशावर विकत होतो."

"तुला सांभाळायला केलं तिने," मी म्हणालो.

"माहीतेय. पण तोंडात चव नाही, अन्न गिळवत नाही, आणि हे कुणाला सांगायचंही नाही. शेवटपर्यंत एकटीच होती ती त्यात. माझ्या शेजारी बसून."

मी पाठ थोपटायला हात उचलला आणि परत खाली घेतला.

मग तो उठला आणि एकेक केग उघडून मोरीत ओतू लागला. मी मदतीला लागलो. फेस गुडघ्यापर्यंत चढला. आणि तो वास अख्ख्या गोदामात भरला, वॉर्डात भरतो तसा, बाकांवर, काउंटरवर, फोटोभोवती. माझे डोळे चुरचुरायला लागले. ज्या वासात त्याची बायको गेली त्या वासात तो उभा होता आणि त्याला एकट्यालाच तो येत नव्हता.

"फिल्टर बदल," मी म्हणालो. "चाखायला मी येत जाईन. फुकट पिणारा मिळतोय, सोडू नकोस."

"नको काका. तुम्ही खरं सांगाल, ते कळलं. पण आता कुणी छान म्हटलं तर माझा विश्वास बसायचा नाही. तुमच्यावरही नाही. अशी बिअर बनवता येत नाही."

शेवटी तिच्या खुणेचा केग तेवढा राहिला. तो मी धरायला गेलो तर त्याने माझा हात बाजूला केला. स्वतःसाठी एक ग्लास भरला आणि उभ्याउभ्या अर्धा प्यायला.

"आकडा सांगा," तो म्हणाला. "या ग्लासाचा."

"कशाला उगाच?"

"नियम आहे ना तुमचा? तोंडावर."

"एक," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "मला गार लागतेय, थोडी कडू लागतेय," तो म्हणाला. "आणि ती छान म्हणाली होती."

तो पीत राहिला. मी माझ्यासमोरचा, त्याच केगचा ग्लास उचलला, श्वास रोखला आणि त्याच्याबरोबर तळापर्यंत संपवला.