बसलेलं पाणी

माझ्याकडे पाहाल तेव्हा आधी मी तुम्हाला दिसणारच नाही, मित्रांनो. आधी दिसेल हिरवं पाणगवत, मग वाळूवर पडलेली त्याची सावली, मग एखादा मासा. मी या सगळ्याच्या बाहेर असते, पातळ आणि आरपार. मी काचेची टाकी. आता बरीच जुनी झाले आहे. माझ्या कडेला क्षाराची पांढरी रेघ बसली आहे आणि एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे. तरी माझ्यातून पाण्याचा थेंबही गळत नाही. ही नत्थुजींच्या हाताची करामत.

नत्थुजींचं दुकान अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, एका बोळीत होतं. कपाटांचे आरसे आणि देवांच्या तसबिरी हा त्यांचा रोजचा धंदा. मासे ठेवायची टाकी क्वचितच कुणी मागायचं. त्यांनी माझे पाच तुकडे कापले, धार घासून बोथट केली आणि सिलिकॉन लावून मला उभं केलं. त्या सिलिकॉनला लोणच्यासारखा आंबट वास होता. मग मला काठोकाठ भरून दुकानाच्या पायरीवर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी माझ्याखालचा कागद कोरडा निघाला, तेव्हा नत्थुजी म्हणाले, "जा बाई, आता कुठीही जा. रडणार नाही तू."

मला न्यायला गजेंद्र आला होता, सोबत त्याची लेक गीतांजली. सगळे तिला गीतू म्हणत. ऑटोत तिनं मला मांडीवर घेतलं आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मी त्या घरात जात होते ती गीतूच्या आबांसाठी.

आबा म्हणजे खुशालराव. शेंदूरजनाघाटला त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. छातीच्या दुखण्यानं त्यांना अकोल्याला मुलाकडे यावं लागलं. बगीचा धाकट्या भावाच्या हाती राहिला. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात माती म्हणून नव्हती. आबा दिवसभर खिडकीतून समोरच्या भिंतीकडे पाहत बसायचे. गीतूनं कुठेतरी पाण्याखालच्या बागेचं चित्र पाहिलं आणि बापाच्या मागे लागली, की आबांना हेच आणून द्यायचं.

आबांनी मला पाहिलं आणि पहिल्यांदा माझ्या बुडाखाली हात फिरवला. "जमीन सपाट पायजे," म्हणाले. माझ्याखाली थर्माकोलचा सपाट तुकडा आला. मग त्यांनी भावाला फोन करून बगीच्यातली काळी माती मागवली. ती चाळली, माझ्या तळाशी पसरली, वर धुतलेली वाळू घातली. आणि मित्रांनो, इतकं सगळं नीट करून त्यांनी बगीच्याला पाणी सोडतात तसा नळीचा जोराचा झोत माझ्यात सोडला! क्षणात माती उसळली आणि मी चहासारखी गढूळ झाले.

सुभद्राआजी पदराला हात पुसत आली. "अवो, हे काय? घरात डबकं केलं का? आता म्हशी आणा दोन, बसवा याच्यात."

"तू दूध काढशीन का?" आबा म्हणाले.

गीतू हसून हसून लोळायचीच बाकी राहिली. आबांनी सगळं उपसलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडलं. या वेळी वाळूवर एक ताटली ठेवली आणि तिच्यावर तांब्यानं हळूहळू पाणी ओतलं. माती जागची हलली नाही. झाडं लावायला त्यांनी स्वयंपाकघरातून पोळ्यांचा चिमटा आणला. मुळं चिमट्यात धरायची, वाळूत तिरपी खुपसायची, अलगद सोडायची. मागे लांब पातीचं गवत, पुढे बुटकी झाडं, आणि एका लाकडाला दोऱ्यानं बांधलेलं नेच्याचं रोप. आजी दिवसभर विचारत होती, "माहा चिमटा पायला का कोणी?" आबा आणि गीतू एकमेकांकडे पाहत गप्प.

झाडं लागली, दिवा लागला, पाणी फिरवणारं छोटं यंत्र घुमायला लागलं. पण मासे आलेच नाहीत. शेजारच्या गंगूबाई येऊन डोकावून गेल्या. "काहो, पाणीच पाहून राहिले का रोज?" गीतूही रुसली.

तेव्हा आबांनी तिला जवळ बसवलं. "आपण संत्र्याले ताण देतो ना, पाणी तोडतो, झाडाले नुसतं उभं ठेवतो. लोकाईले वाटते झाड वाळून राहिलं. पण ते आतून तयारी करून राह्यते बहाराची. तसं हे पाणी बसू दे. याच्यात डोळ्याले न दिसणारे जीव हायेत. वाळूत, यंत्राच्या स्पंजात. माशाची घाण तेच खातात. ते वाढले नाही आन मासा टाकला, तर मासा आपल्याच घाणीनं मरते."

"मग पाणी कधी बदलायचं आबा?"

"सगळं कधीच नाही. थोडंसं काढाचं, थोडंसं टाकाचं. टाकाचं तेही आधी बादलीत उघडं ठेवाचं, नळाचा औषधाचा वास उडून जाऊ द्याचा. स्पंज काढला तर टाकीच्याच पाण्यात पिळाचा. नळाखाली कधी नाही."

गीतूनं हे सगळं पाठ केलं. मासे आले. लाल शेपटीचे, शेवाळ खाणारे, गवतातून लपाछपी खेळणारे. ती माझी सुखाची वर्षं होती. आबा वाढलेली पाती कात्रीनं कापायचे, काढलेलं पाणी गॅलरीतल्या मोगऱ्याला घालायचे. अकोल्याचा मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे. त्या दिवसांत माझं पाणी कोमट व्हायला लागलं, की आबा बर्फ झालेली बाटली माझ्यात तरंगत सोडायचे आणि कूलरचं तोंड माझ्याकडे वळवायचे. "अन आमी माणसं नाही का?" आजी म्हणायची, आणि मग स्वतःची उशी घेऊन माझ्याशेजारी येऊन निजायची.

आजीचा आणि माझा संबंध एवढाच. तिचं राज्य वेगळं होतं. त्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं. पाणी आलं की आजी पदर खोचायची. माठ, हंडे, ड्रम, बादल्या, सगळ्यांतलं उरलेलं शिळं पाणी ओतून द्यायचं, राखेनं भांडं घासायचं, लख्ख करायचं, ताजं भरायचं. शिळं पाणी ठेवणारी बाई तिच्या लेखी आळशी. आयुष्यभर तिनं घराला ताजं पाणी पाजलं होतं. तिच्या मायेची तीच रीत होती.

मग आबांचं दुखणं उसळलं. त्यांना अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. तिथून त्यांचा रोज फोन यायचा. चेहरा दाखवणारा फोन. गीतू तो माझ्यासमोर धरायची.

"गीतू, पाणी कसं हाये?"

"मस्त आहे आबा. नेच्याला नवीन पान आलं."

"जवळून दाखव." मग गीतू फोन माझ्या काचेला टेकवायची. मला फोनमध्ये आबांच्या नाकातली नळी दिसायची.

एके दिवशी गजेंद्रचा फोन आला, की उद्या आबांना घरी आणतो. त्याचा आवाज आनंदाचा नव्हता. डॉक्टरांनी हात टेकले होते. सून प्राजक्ता मोरीत जाऊन रडली. आजी रडली नाही. "घरी येऊन राहिले ना? मग घर कसं पायजे!" असं म्हणून तिनं चादरी काढल्या, फरशी पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकं नळाला पाणी आलं. गीतू शाळेत गेली होती, प्राजक्ता औषधं आणायला.

आजी माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या काचेवर थोडं शेवाळ होतं, पाण्याला किंचित पिवळी झाक होती. "किती दिवसांचं शिळं हे," ती पुटपुटली. "यायच्या आधी ताजं करून ठेवतो. पायतील तं खुश होतील."

मित्रांनो, मला तोंड असतं तर!

तिनं मासे बादलीत घेतले, अगदी हळुवार, ओंजळीनं. माझं सगळं पाणी मोरीत गेलं. तिनं वाळू उपसून चाळणीत धुतली, मुळं चोळून स्वच्छ केली, स्पंज नळाखाली साबणाच्या पावडरीनं घासला. मला लिंबानं पुसलं. मग ताजं पाणी काठोकाठ भरून मासे परत सोडले. मी इतकी कधीच चमकले नव्हते. आजी मागे सरून पाहत राहिली. किती दिवसांनी ती अशी समाधानानं हसली होती.

गीतू शाळेतून आली तेव्हा मासे वर येऊन तोंड उघडत होते. ती दप्तरासकट उभी राहिली. "आजी, पाणी बदललं?"

"हो ना! पाह्य कसं लखलख करून राहिलं."

गीतूनं काही सांगायच्या आधीच पहिला मासा आडवा झाला. मग दुसरा. आजीनं तो हातात घेतला, फुंकर मारली, पुन्हा पाण्यात सोडला. तो बुडाला. संध्याकाळपर्यंत माझ्यात हलणारं काहीच उरलं नाही.

गजेंद्रची गाडी अमरावतीहून निघाली होती. आजीनं सुनेचा हात धरला. "प्राजक्ता, तसेच मासे आण वो बाई. धाव. त्याहीले कळू देऊ नको."

"नको आजी," गीतू रडत म्हणाली. "नवीन पाण्यात टाकले तर तेपण मरतील. आबांनी सांगितलंय."

प्राजक्ता दारापर्यंत गेली होती. ती परत फिरली. चप्पल काढली आणि पोरीला जवळ घेतलं.

आबांना गजेंद्र आणि प्राजक्तानं धरून वर आणलं. त्यांनी पलंगाकडे पाहिलंच नाही. माझ्यासमोर खुर्ची मागितली. ते बसले. बराच वेळ माझ्यात पाहत राहिले. उपटून पुन्हा खोचलेली झाडं वाकडीतिकडी तरंगत होती.

आजी त्यांच्या पायाशी बसली. "म्या केलं. शिळं पाणी फेकलं. तुमी येणार म्हणून."

आबांना धाप लागत होती. एकेक शब्द सुटा येत होता. "पोरीले सांगतलं म्या सारं. तुले काहून नाही सांगतलं? एका घरात राहून?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुही चूक नाही सुभद्रा. तुनं तं जीव लावून केलं."

त्यानंतरचे दिवस थोडेच होते. पण त्या दिवसांत आबांनी आजीला शिकवलं. खुर्चीतून बोटानं दाखवायचे, आजी करायची. तिनं झाडं पुन्हा रोवली, या वेळी चिमटा तिनं स्वतःच आणला. बगीच्यातली माती पुन्हा आली. भावानं ती पोत्यात घालून एसटीनं पाठवली. आजी ताटलीवर तांब्यानं पाणी ओतायची तेव्हा श्वास रोखून धरायची. रोज सकाळी विचारायची, "बसलं का वो पाणी?"

"बसन. घाई नोको करू."

"तुमीही तं घाई करू नोका," ती एकदा म्हणाली, आणि उठून आत गेली.

पाणी बसायच्या आधीच आबा गेले. सकाळची वेळ होती, गीतूची वेणी चालली होती. मला ते खुर्चीतच दिसत होते आणि मला वाटलं, ते माझ्याकडे पाहत आहेत.

मित्रांनो, आमच्याकडे घरात माणूस गेलं, की घरातलं सगळं भरलेलं पाणी ओतून देतात. पुन्हा नवं भरतात. आबांना नेल्यावर गंगूबाईंनी आणि गल्लीतल्या बायांनी माठ पालथे केले, हंडे रिकामे केले, ड्रम आडवा केला. मोरीतून पाणी वाहत होतं. आजी भिंतीला टेकून बसली होती. कोणी बोललं तरी तिला ऐकू येत नव्हतं. मग गंगूबाई बादली आणि तांब्या घेऊन माझ्याकडे आल्या.

"हेही काढा लागन सुभद्राबाई. भरलेलं ठेवत नसतात."

तांब्याचा थंड काठ माझ्या पाण्याला लागला. आणि आजी उठली. मला माहीत नाही तिच्या अंगात तेवढं बळ कुठून आलं. तिनं दोन्ही हात माझ्या काचेवर पसरले आणि आपल्या पाठीनं मला झाकलं.

"हे नाही, गंगूबाई."

"अवो, रीत हाये ना."

"असन रीत. बाकीचं सारं फेका. हे पाणी ते बसवून राहिले होते. हेही मोरीत गेलं तं मले वाटन का ते दोनदा गेले."

गंगूबाईंनी तांब्या बादलीत ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

ते पाणी राहिलं. त्याच पाण्यात पुढे मासे आले. गीतू आता मोठी झाली, शिकायला अमरावतीला असते. माझ्यासमोरच्या खुर्चीत आजी बसते. नळ येतो तेव्हा ती आजही सगळी भांडी घासते, ताजं भरते. फक्त एक बादली भिंतीकडेला उघडी ठेवते आणि तिला कुणाला हात लावू देत नाही. कधी कधी ती माझ्याशी बोलते. नेच्याला नवं पान आलं तर "पायलं का?" असं विचारते. मला नाही विचारत ती. मला ते कळतं.

म्हणून एवढंच मागणं आहे, मित्रांनो. कुणाची काळजी घ्यायला निघालात, तर हात लावण्याआधी त्याला काय लागतं ते विचारा. त्याला बोलता येत नसेल, तर जो त्याच्याजवळ रोज बसतो त्याला विचारा. आणि तुम्हाला जे येतं, ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. तुमच्यासाठी रोज माठ घासणाऱ्या माणसाला तर सगळ्यांत आधी सांगा. आबांनी सांगितलं, पण तोवर त्यांना श्वास पुरत नव्हता. तुमच्यापाशी अजून पुष्कळ श्वास आहे.