न कापलेली पानं

धायरीच्या मुक्ताबाई साठीत अक्षरं शिकल्या आणि त्यांना एकच नाद लागला: लहान मुलांची जुनी पुस्तकं, तीही पहिल्या आवृत्तीचीच. मुलगा सर्जेराव कपाळाला हात लावायचा. "आये, त्याच गोष्टी नव्या पुस्तकात हायेत की!"

"नवी पुस्तकं तुझ्या पोरांची. मी म्हशी राखत व्हते तवा जी निघाली, ती माझी."

त्यातलं एक काही केल्या सापडत नव्हतं. बैलगाडी हाकणाऱ्या कासवाचं. मास्तरांची लेक विहिरीच्या काठावर बसून ते मोठ्यानं वाचायची. लहानग्या मुक्ताबाई ऐकण्यात रमल्या, तिकडं म्हशी उसात शिरल्या आणि शेवट राहिला तो राहिलाच. पुढं ते पुस्तक पुन्हा छापलंच नाही.

शेवटी पत्ता लागला तो सदाशिव पेठेत, श्यामसुंदरराव नावाच्या निवृत्त प्राध्यापकांकडे. त्यांनाही हाच नाद. बदल्यात द्यायला मुक्ताबाईंनी आपल्याकडचं एक दुर्मीळ पुस्तक नेलं. प्राध्यापकांनी ते उघडलं आणि ओरडलेच.

"अहो बाई, हे काय?"

पहिल्याच पानावर हळदीकुंकवाची बोटं होती.

"घरात नवी वस्तू आली, तर कोरडीच घ्यायची व्हय?"

"पुस्तक आहे हे, ट्रॅक्टर नव्हे! अदलाबदल रद्द."

मुक्ताबाई हलल्या नाहीत. "नका देऊ. पर हितं बसून वाचू तरी द्या."

याला नाही कसं म्हणणार? त्यांनी कासवाचं पुस्तक काढून दिलं. मुक्ताबाई ओळीखाली बोट धरून, अडखळत वाचू लागल्या. श्यामसुंदरराव आधी घड्याळ बघत होते, मग खुर्ची जवळ ओढून बसले. गाडी ओढ्यात रुतली, बैल बसले, कासवानं चाबूक खाली ठेवला, आणि पान उलटेना.

"ह्ये चिकटलंय."

"चिकटलेलं नाही. छापखान्यातून आलं तसंच जोडलेलं आहे, अजून कापलेलं नाही," ते अभिमानानं म्हणाले. "कुणाचा हात लागलेला नाही आतल्या पानांना."

"मंजी तुमी बी वाचलं न्हाई?"

मुक्ताबाईंनी पुस्तक मिटून त्यांच्याकडे सरकवलं. "मग ऱ्हाऊ द्या. तुमची वस्तू बिघडायची."

श्यामसुंदररावांनी जोडलेल्या पानांच्या कडेवरून बोट फिरवलं. मग बायकोला हाक मारली. "वासंती, ती पातळ सुरी आण."

"सफरचंद कापताय?"

"पुस्तक."

वासंतीबाई सुरी घेऊन आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. श्यामसुंदररावांनी घडीत सुरी घातली. कड सरळ कापली गेली.

"हं, वाचा आता," ते म्हणाले. "पण चित्र आधी मी बघणार."