टोळाने अडवलेला चेंडू

फुटबॉल क्लबच्या जुन्या खेळाडूंच्या आठवणी रेकॉर्ड करायला आलेल्या मुलीला गोलकीपरने चक्क थाप मारली. अंतिम सामन्यात अगदी शेवटी जाळ्यात शिरणारा चेंडू आपणच अडवला, असं त्याने ठोकून दिलं. खरं तर तेव्हा स्वारी चिखलात पालथी पडली होती, आणि चेंडू डोक्याने रेषेवरून परतवला होता टोळाने. टोळ म्हणजे त्यांचा बॅक, गोलपुढचा बचावपटू. ढांगा लांब, जीभ त्याहून लांब, आणि त्या एका चेंडूवर जन्मभर भाव खाल्लेला.

हा काही म्हातारचळ नव्हता. संघातले बाकीचे एकेक करून गेले होते. टोळ मुलाकडे राहायला गेला, त्याचा नंबर बदलला, आणि नवा विचारायचा तरी कोणाला? क्लबात मागून आपणहून फोन करणं गोलकीपरच्या मानी स्वभावात बसेना. आता ही मुलाखत क्लब सगळ्या खेळाडूंच्या घरी पाठवणार होता. टोळ ऐकेल, त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाईल, आणि शिव्या घालायला का होईना, तो फोन करेल. गोलकीपरला त्या शिव्याच हव्या होत्या. बायको गेल्यापासून त्याच्याशी कोणी मनापासून भांडलंसुद्धा नव्हतं.

मुलाखत सगळीकडे गेली. न्हाव्याने अर्धी दाढी तशीच ठेवून हात मिळवला. लेकीने फोनवर घाईघाईत कौतुक केलं. गोलकीपर अंघोळीला जातानासुद्धा फोन दाराबाहेर स्टुलावर ठेवू लागला. टोळाला काय उत्तर द्यायचं, तेही त्याने घोकून ठेवलं होतं.

शेवटी फोन आला तो त्या मुलीचा. टोळाच्या मुलाने क्लबात फोन केला होता म्हणे. गोलकीपर ताडकन उठून बसला.

"चिडला असेल ना बाप त्याचा?"

"नाही हो आजोबा. ते गेल्या वर्षीच वारले. मुलगा म्हणाला, बाबा शेवटपर्यंत सांगायचे की तो चेंडू मीच अडवला, आणि आम्हाला ते खरं वाटायचं. त्यांच्या वतीने तुमची माफी मागितलीय त्याने."

गोलकीपरने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"पोरी, तो टोळानेच अडवला. मी पडलो होतो. त्याच्या मुलाला सांग, आत्ताच्या आत्ता सांग."

पलीकडून ती म्हणाली, "किती मोठं मन आहे हो तुमचं."