दोनशे सतरा नंबरच्या नळ्या

माझ्या संशोधनाची तीन वर्षं दोन काचेच्या नळ्यांत मावत होती. त्यांत होतं दोनशे सतरा नंबरचं यीस्ट. पाव फुगवतं तेच, पण खोडीचं. पंचवीस अंशांत ठेवलं तर शहाण्यासारखं वागायचं. पेशीला कोंब फुटायचा, आत तयार झालेला माल बाहेर जायचा. सदतीस अंशांवर नेलं की माल बनवणं चालूच, बाहेर टाकणं मात्र बंद. कोंब कुठं काढायचा हेही विसरायचं आणि नुसतं गोल फुगून मरायचं. या दोन्ही कामांचा हुकूम एकच चिमुकलं प्रोटीन देतं आणि उष्णतेनं तेच बिघडतं, असं माझं म्हणणं होतं. माझ्या मार्गदर्शक सरांना ते पटत नव्हतं. जानेवारीत सिद्ध करून दाखव, नाहीतर विषय बदल, असं त्यांनी बजावलं होतं.

१९७९चा डिसेंबर होता. पुण्यातली आमची प्रयोगशाळा आठ दिवस बंद राहणार होती. उन्हाळ्यात फ्रीज बिघडून बाकीचा सगळा साठा गेला होता, या दोनच नळ्या उरल्या होत्या. त्या मी कुणाच्या भरवशावर ठेवणार? रुमालात गुंडाळून एसटीनं भोंगवलीला घरी आणल्या. आमच्या मातीच्या घरात थंडीत चांगला गारवा असतो. कोनाड्यात, बुद्धाच्या तसबिरीखाली ठेवून दिल्या.

वडील गेल्यापासून आई घरात एकटीच होती. तिनं विचारलं, "काय हाय गं ह्यात?"

"जिवंत हाय. जप."

एवढंच बोलले. शिकायला गेल्यापासून घरी बोलायचा मला कंटाळाच यायचा. हिला काय कळणार, असं वाटायचं. आता हे लिहिताना स्वतःचाच राग येतो.

दुसऱ्या दिवशी फेलोशिपच्या दाखल्यासाठी सकाळीच भोरला गेले. संध्याकाळी परतले तर कोनाडा रिकामा. आईनं मोठ्या कौतुकानं चुलीकडे बोट दाखवलं. थंडीनं आखडलेली कोंबडीची पिल्लं ती चुलीच्या वैलाशेजारी उबेला पाटीत, गोधडीच्या तुकड्यात ठेवायची. नळ्या तिथंच होत्या.

"लई गार वारं सुटलं व्हतं. म्हणलं, काकडतील बिचारी. दिसभर जाळ इजू दिला न्हाई म्या."

नळी इतकी तापली होती की हातात धरवत नव्हती. आतला थर आकसून काचेपासून सुटला होता. आता त्यातलं काही जगणार नव्हतं.

"मारलंस तू त्यांना! काय कळतंय का तुला?" मी एवढ्यानं ओरडले की शेजारची साळूबाई दारात आली आणि माझं तोंड बघून तशीच मागं फिरली.

"तू म्हणलीस जिवंत हाय," आई हळूच म्हणाली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली.

तिचं काही चुकलं नव्हतं. जिवंत गोष्ट जपायची एकच रीत तिला ठाऊक होती, आणि दुसरी मी सांगितली नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुलीपुढं बसून मी तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. पेशी, कोंब, आत साठत जाणारा माल, सगळं. ती थापता थापता थांबली.

"बाहीर टाकता येईना म्हणून मेली व्हय?"

"व्हय."

"मग धड असत्यात तवा त्यांला सांगतं कोण, हितनं फूट म्हणून?"

तीन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"त्येच तर हुडकत व्हते, आई."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"म्हंजे आता तुजं तिकडलं काम संपलं?"

"ह्ये संपलं."

"मग हितंच ऱ्हाशील?"

आवाजातला आनंद तिला लपवता आला नाही. तो माझ्या लक्षात आलाय हे तिलाही कळलं. ती ओशाळली आणि उगाच जाळ सारखा करू लागली.

मला रडू आलं, पण ते नळ्यांसाठी नव्हतं.

"न्हाई आई. सकाळच्या गाडीनं जाते. सरांच्या घरी जाऊन दुसरा विषय मागते."

"व्हय, जायाच पायजे," ती म्हणाली आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.