प्रेमगीताचा वर्ग

"माझा तुझ्यावर विश्वास आहे गं इन्साफ. पण लोकांची तोंडं कशी धरू?" चर्चचे धर्मगुरू अबुना बिमन पेल्यातली साखर ढवळत राहिले.

"कुणाची तोंडं, अबुना?"

"यूस्तीनाच्या आईचं. म्हणते, बिनलग्नाची बाई आमच्या लग्नाळू पोरींना ओठांच्या न् मानेच्या गोष्टी सांगते."

इजिप्तमधल्या अस्यूतच्या त्या चर्चमध्ये लग्न ठरलेल्या मुलींचा वर्ग इन्साफ वर्षानुवर्षं घेत होती. मुली तिला तासोनी, म्हणजे ताई, म्हणत. बायबलमधलं प्रेमगीत शिकवायची. प्रियकर म्हणजे ख्रिस्त, प्रेयसी म्हणजे माणसाचा आत्मा.

"मी आत्म्याचंच सांगते. तुम्हीही प्रवचनात तेच सांगता!"

"मी सांगितलं की लोक डोळे मिटून ऐकतात. तू सांगितलंस की पोरी हसतात." त्यांनी चहा संपवला. "उद्यापासून शिवण घे. शिवणयंत्रं सकाळीच येतील. आजचा वर्ग तेवढा उरकून टाक."

उरकून टाक! इन्साफ तरातरा वर्गात आली. बायकांना वाटे, नवरा मिळाला नाही म्हणून ही ख्रिस्ताला धरून बसलीय. पोरींना वाटे, हिला त्यातलं काय कळणार? दोन्हींकडून तिचं खरं कुणाला ऐकायचंच नव्हतं.

यूस्तीनानं हात वर केला. "तासोनी, गीतातला तो दार वाजवतो, तर ती लगेच का उघडत नाही?"

"नखरे! दुसरं काय?" मागून कुणीतरी म्हणालं. पोरी फिदीफिदी हसल्या.

आत्म्याचा आळस, असं उत्तर ती दर वर्षी द्यायची. आज ते तिच्या तोंडून निघेना.

"तुमच्याएवढी होते मी," ती म्हणाली. "मठात जायचं ठरलं होतं. गाठोडंही बांधलं होतं. तेवढ्यात आईनं अंथरूण धरलं. म्हटलं, ती बरी झाली की जाईन. ती गेली तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. मठातल्या मोठ्या बाईंनी पाठीवरून हात फिरवला, खजूर दिले आणि म्हणाल्या, आता वय नाही राहिलं बाळ."

हसणं थांबलं होतं.

"मग? गीतातल्या तिचं काय झालं?" यूस्तीनानं विचारलं.

"तिनं दार उघडलं, तर तो निघून गेलेला. हाका मारत ती गावभर हिंडली."

"सापडला?"

"आधी पहारेकरी सापडले. त्यांनी तिला मारलं, अंगावरची ओढणी ओढून घेतली. गावाची राखण करणारेच ते!"

यूस्तीनाची मान खाली गेली. "तासोनी, माझ्या आईनं..."

"माहितीय मला."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना! तुझ्या आईचा आला, अबुनांचा आला." इन्साफ वेदीच्या दिशेनं बघत राहिली. "पण सगळ्यात जास्त त्याचा येतो. इतकी वर्षं हाका मारतेय. एकदा तरी ओ द्यावी की नाही माणसानं?"

दुसऱ्या दिवशी हमाल यंत्रं घेऊन आले, तेव्हा ती एकटीच बाकं भिंतीकडे सरकवत होती.

"कुठं ठेवू, बाई?"

"खिडकीपाशी ठेवा," ती म्हणाली. "पोरींना उजेड लागतो."